‘मोनोपॉली’: अर्धाच उरलेला खेळ

नाताळच्या सुट्टीत अमेरिकेतल्या आणि इंग्लंडातल्या मराठी घरांमध्ये जो पट हमखास बाहेर निघतो, त्याची समीक्षा करावी असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. समीक्षा कादंबरीची होते, नाटकाची होते, हल्ली वेबमालिकांचीही होते. खेळ नुसता खेळायचा, हरणाऱ्याने रुसायचं आणि सोंगट्या गोळा करून डबा कपाटात ठेवायचा, एवढीच रीत. पण ‘मोनोपॉली’ हा नीट वाचावा असा मजकूर आहे. त्याला एक लेखिका आहे, हेतू आहे, पाठभेद आहेत, आणि एखाद्या पोथीची पानं मधूनच फाडून न्यावीत तसा त्याचा अर्धा भाग नाहीसा झालेला आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळत तो उरलेला अर्धाच भाग पाठ केला. आता आपली मुलं इथे डॉलरच्या नोटा मोजत तेच करतात.

खेळाची लेखिका एलिझाबेथ मॅगी. जन्म १८६६, इलिनॉय राज्यातला. ती लघुलेखिका होती, वॉशिंग्टनमध्ये पत्ता न सापडलेल्या पत्रांच्या टपाल कचेरीत नोकरी करायची, आणि टंकलेखन यंत्रात कागद सुलभपणे सरकावा म्हणून तिने केलेल्या सुधारणेचं पेटंट तिला १८९३ साली मिळालं होतं. वडील वृत्तपत्रवाले. त्यांनी तिच्या हाती हेन्री जॉर्जचं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हे पुस्तक दिलं, आणि पुढचं सगळं त्यातून आलं. जॉर्ज सॅन फ्रान्सिस्कोत छापखान्यात आणि वर्तमानपत्रांत काम केलेला माणूस. त्याचं हे पुस्तक १८७९ सालचं. रेल्वे आली, शहर वाढलं, संपत्ती डोळ्यांदेखत वाढली, मग दारिद्र्यही सोबतीने का वाढलं, हा त्याचा प्रश्न. उत्तर थोडक्यात असं: जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही, आजूबाजूला माणसं येऊन राहतात, रस्ते होतात, बाजार भरतो, म्हणून वाढते. ही वाढ मात्र मालकाच्या खिशात जाते. म्हणून कर लावायचाच तर श्रमावर आणि उद्योगावर लावू नका, जमिनीच्या किमतीवर लावा, कारण ती किंमत सगळ्यांनी मिळून निर्माण केलेली असते.

मराठीत याला सिद्धान्ताची गरज नाही, म्हण पुरते. आयत्या बिळावर नागोबा.

ही म्हण मॅगीने पटावर मांडली. १९०४ साली पेटंट मिळालेल्या तिच्या खेळाचं नाव होतं ‘द लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनदाराचा खेळ. त्या पटाचे कोपरे आजच्या पटाशेजारी ठेवून पाहावेत. आज आपण ‘गो’वरून पुढे गेलो की बँक दोनशे डॉलर पगार देते. कशाचा पगार, हे कुणी विचारत नाही. मॅगीच्या पटावर त्या कोपऱ्यात पृथ्वीवर केलेल्या श्रमाचा मोबदला मिळायचा आणि तसं तिथे लिहिलेलं होतं. आजच्या पटावर एक शिपाई बोट दाखवतो आणि आपण तुरुंगात जातो. गुन्हा काय, ते कळत नाही. मॅगीच्या पटावर तो कोपरा एका परदेशी लॉर्डच्या मालकीच्या जमिनीचा होता. तिथे पाय ठेवणं म्हणजे अतिक्रमण, आणि अतिक्रमणाची शिक्षा तुरुंग. आज ‘फ्री पार्किंग’ म्हणून जो निरर्थक कोपरा आहे, तिथे तिने सार्वजनिक उद्यान आणि त्याला लागून अनाथ-निर्धनांचं घर ठेवलं होतं. भाडं देता देता कफल्लक झालेला माणूस तिथे पोचायचा.

म्हणजे आजच्या पटावर चिन्हं राहिली आणि त्यांचे अर्थ पुसले गेले. पगार उरला, श्रम गेले. तुरुंग उरला, ज्याच्यासाठी तो बांधला तो जमीनदार गेला. विडंबनातला विडंबनाचा भागच काढून टाकला की जे उरतं ते प्रशिक्षण असतं.

याहून मोठी काटछाट नियमांची झाली. मॅगीला एकच खेळ दोन रीतींनी खेळून दाखवायचा होता. पहिल्या रीतीत आजच्यासारखंच, एकाने सगळं गिळायचं आणि बाकीच्यांनी दिवाळं काढायचं. दुसऱ्या रीतीत जमिनीचं भाडं मालकाकडे न जाता सार्वजनिक खजिन्यात जायचं, त्यातून सगळ्यांच्या उपयोगाच्या सेवा फुकट व्हायच्या, आणि सर्वांत कमी पैसे असलेल्या खेळाडूची मूळ रक्कम दुप्पट झाली की सगळेच जिंकायचे. पट तोच, फासे तेच, माणसं तीच. फक्त नियम बदलला की शेवट बदलतो, हे मुलांनी स्वतःच्या हातांनी अनुभवावं, असा तिचा आग्रह. मोठं होऊन ती ‘जगाची रीतच अशी’ म्हणणार नाहीत, ही तिची आशा.

मग दुसरी रीत गेली कुठे?

ज्याच्या हाती ससा

१९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा खेळ प्रसिद्ध झाला, पण तो पसरला दुकानांतून नव्हे. जॉर्जच्या विचाराने वसवलेल्या डेलावेअरमधल्या आर्डन या वस्तीत लोक तो खेळत. व्हॉर्टनमध्ये अर्थशास्त्र शिकवणाऱ्या स्कॉट निअरिंगने तो विद्यार्थ्यांपर्यंत नेला. विद्यार्थी तो घरी घेऊन गेले. लोक मेणकापडावर स्वतःच पट रंगवायचे, आपापल्या गावातल्या रस्त्यांची नावं घालायचे, नियमांत भर टाकायचे. तीसेक वर्षं हा खेळ गावकीच्या गायरानासारखा राहिला. कुणीही यावं, खेळावं, थोडं काही मागे ठेवून जावं. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी आपल्या शहरातले रस्ते त्यावर घातले. तीच नावं आजही अमेरिकन पटावर आहेत.

त्या मंडळींकडून तो चार्ल्स टॉड नावाच्या गृहस्थांमार्फत चार्ल्स डॅरोकडे पोचला. मंदीचा काळ, डॅरोची नोकरी गेलेली. त्याने पट उतरवून घेतला, देखणा केला, स्वतःच्या नावाने विकायला काढला आणि १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीला दिला. गंमत म्हणजे टॉडच्या पटावर ‘मार्व्हेन गार्डन्स’ या वस्तीच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. ते ‘मार्व्हिन’ झालं होतं. डॅरोने नक्कल करताना चूकही उतरवून घेतली. शाळेत कॉपी अशीच पकडली जाते. इथे मात्र पकडायला कुणी नव्हतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. डॅरो लक्षाधीश झाला, आणि बेकार माणसाच्या कल्पकतेची कथा डब्याबरोबर घरोघर गेली.

कंपनीने मॅगीचं पेटंटही विकत घेतलं. पाचशे डॉलर, आणि पुढे विक्रीतला हिस्सा नाही. आपला विचार आता लाखो घरांत पोचेल या भरवशावर तिने ते दिलं. १९३६ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांत तिने आपली बाजू मांडली, पण तोवर डॅरोच्या कथेने लोकांचं लक्ष व्यापलेलं होतं. १९४८ साली ती वारली.

ती कथा पुन्हा वर आली तीही दुसऱ्या एका मक्तेदारीच्या भांडणात. सॅन फ्रान्सिस्कोतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अ‍ॅन्स्पाक यांनी १९७० च्या दशकात ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा खेळ काढला. कंपनीने नावावरून हरकत घेतली आणि वाद न्यायालयात गेला. १९७७ साली त्यांच्या खेळाचे सुमारे ४०,००० संच मिनेसोटातल्या मँकेटो इथे कचरा-भरावात पुरले गेले. अ‍ॅन्स्पाक चिकाटीचे. बचावासाठी पुरावे शोधता शोधता ते जुन्या घरगुती पटांपर्यंत आणि अखेर मॅगीच्या पेटंटपर्यंत पोचले. १९८२ साली अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. मेरी पिलन यांच्या ‘द मोनोपॉलिस्ट्स’ या २०१५ सालच्या पुस्तकात हा सगळा शोध सविस्तर आहे.

संशोधनाच्या क्षेत्रात वावरणाऱ्याला ही गोष्ट फारशी अनोळखी वाटत नाही. १९६८ साली समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवलं की विज्ञानात श्रेय हे आधीच श्रेय मिळालेल्याकडे वाहतं. दोघांनी एकत्र काम केलं तर नाव लक्षात राहतं ते प्रसिद्ध माणसाचं. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरून त्यांनी याला ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटलं. या लेखाचा पाया होता हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या नोबेलविजेत्यांच्या मुलाखती. लेख छापला गेला एकट्या मर्टन यांच्या नावावर. तो खरं तर दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे त्यांनीच नंतर लिहून ठेवलं. श्रेयाच्या मक्तेदारीवरचा लेखसुद्धा त्या नियमातून सुटला नाही.

फासे खोटे नाहीत, तरीही

आता खेळाच्या रचनेकडे येऊ. ‘मोनोपॉली’वर नेहमीची तक्रार अशी की खेळ फार लांबतो आणि शेवटचा तासभर कंटाळवाणा होतो. समीक्षक म्हणून मला हा दोष वाटत नाही. तो या खेळातला सर्वांत प्रामाणिक भाग आहे. पहिल्या तासात सगळे जण हुशार असतात, प्रत्येकाची काही योजना असते. शेवटच्या तासात निकाल ठरलेला असतो आणि हरणाऱ्याने फक्त फासे टाकून आपलं दिवाळं सावकाश पाहायचं असतं. कौशल्य संपतं आणि अंकगणित उरतं.

हे अंकगणित पदार्थविज्ञानवाल्यांनी साध्या नमुन्यात मांडलेलं आहे. भारतीय शास्त्रज्ञ अनिर्बन चक्रवर्ती यांचा २००२ सालचा एक नमुना प्रसिद्ध आहे. बऱ्याच माणसांना सारखे पैसे द्या. दोघादोघांना भेटवा आणि नाणं उडवायला सांगा. पैज किती? दोघांत जो गरीब, त्याच्याकडच्या रकमेचा ठरावीक भाग. नाणं चोख, कुणी लबाड नाही, कुणी आळशी नाही. तरी शेवटी जवळजवळ सगळे पैसे एकाकडे जमा होतात. कारण पाहा. माझ्याकडे १०० रुपये, तुमच्याकडे १,०००. पैज माझ्या दहा टक्क्यांची. मी जिंकलो तर ११०, मग त्याचे दहा टक्के, म्हणजे ११, हरलो तर ९९. उलट क्रमाने आधी हरलो तर ९०, मग ९ जिंकलो तर पुन्हा ९९. एकदा जिंकून एकदा हरल्यावर बरोबरी व्हायला हवी होती, पण माझा एक टक्का गेला. तुमच्याकडे तो आला आणि तुम्हाला कळलाही नाही. हजारावर एक रुपया काय कळणार? हे दर खेपेला होत राहतं. ब्रूस बॉगोसियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नमुन्यावर पुढे बरंच काम केलं. प्रत्येक फेरीत श्रीमंतांकडून थोडंसं घेऊन सगळ्यांत वाटलं तर एकाकडे सगळं साठणं थांबतं, हेही त्यात दिसलं. मॅगीची दुसरी रीत गणितातही उभी राहते.

जिंकणाऱ्याला हे अंकगणित दिसत नाही, हा भाग मानसशास्त्राचा. बर्कलीचे पॉल पिफ यांनी शंभराहून अधिक जोड्यांना उघड उघड पक्षपाती ‘मोनोपॉली’ खेळायला लावली. नाणं उडवून एकाला श्रीमंत ठरवलं. त्याला दुप्पट पैसे, दुप्पट पगार, आणि दुसऱ्याला एक फासा तर त्याला दोन. थोड्या वेळाने श्रीमंत खेळाडू सोंगटी जोरात आपटू लागले, बोलण्यात उर्मट झाले, आणि का जिंकलात विचारल्यावर आपल्या डावपेचांविषयी सांगू लागले. सुरुवातीच्या नाण्याची आठवण त्यांना राहिली नाही. परदेशात स्थिरावलेल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत मेहनतीचा विषय निघतो तेव्हा मला हे नाणं आठवतं. मेहनत खोटी नसते. नाणंही खोटं नसतं.

पटाच्या नियमपुस्तकात आणखी एक बारकावा आहे जो फार कमी जण वापरतात. संचात घरं ३२ आणि हॉटेलं १२, एवढीच. घरं संपली की संपली. त्यामुळे मुरलेला खेळाडू आपल्या जमिनींवर चार-चार घरं बांधून थांबतो, हॉटेल बांधत नाही. पैसे असतात, पण घरं परत बँकेत गेली तर ती दुसऱ्याला मिळतील. त्याचा फायदा स्वतःच्या बांधकामापेक्षा दुसऱ्याचं अडवण्यात जास्त असतो. शहरांत राहणाऱ्या कुणालाही हा डाव समजावून सांगावा लागणार नाही.

याउलट घरोघरी एक नियम पाळला जातो जो पुस्तकात नाहीच. कर आणि दंडाचे पैसे पटाच्या मधोमध ठेवायचे आणि ‘फ्री पार्किंग’वर जो येईल त्याने ते उचलायचे. धाकट्याला उधारी द्यायची, आजीचं भाडं माफ करायचं, हे प्रकार तर आपल्याकडे सर्रास. खेळाचे जाणकार म्हणतात की यामुळे खेळ लांबतो आणि बिघडतो. मला त्यात दुसरंच दिसतं. मॅगीची दुसरी रीत फाडून टाकली तरी माणसांना तिची उणीव जाणवत राहिली आणि त्यांनी ती जमेल तशी, अर्धीमुर्धी, परत आणली. फरक एवढाच की मॅगीचा खजिना सगळ्यांचा होता आणि आपण त्याची सोडत केली.

‘निसर्गातही असंच असतं’

या सगळ्यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. बळी तो कान पिळी. मोठा मासा धाकट्याला खातो, त्यात खेळाचा काय दोष? आपल्या जुन्या ग्रंथांनी याला मात्स्यन्याय म्हटलं. मात्र त्यांनी तो शब्द वापरला तो राजा नसेल तर काय अनर्थ होईल हे सांगण्यासाठी. आज तोच दाखला मक्तेदारीच्या समर्थनाला वापरला जातो, हे विशेष.

निसर्गाचाच दाखला हवा तर तो अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. १९६३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातले रॉबर्ट पेन यांनी मकॉ बे इथल्या खडकाळ किनाऱ्याचा सुमारे आठ मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्टा निवडला. भरती-ओहोटीच्या या पट्ट्यात खडकावरची जागा हीच खरी दौलत. काळे शिंपले, बार्नॅकल, लिम्पेट, शेवाळं, सगळ्यांना चिकटायला जागा हवी. इथला मोठा शिकारी म्हणजे एक तारामासा. पेन यांनी त्या पट्ट्यातले तारामासे पहारीने उचकटून समुद्रात फेकायला सुरुवात केली आणि ते फेकतच राहिले. शेजारचा पट्टा होता तसा ठेवला. शिकारी गेला म्हणजे बाकीचे सुखाने नांदतील असं वाटेल. झालं उलटं. १९६६ साली पेन यांनी लिहिलं तेव्हा पंधरा जातींवरून संख्या आठवर आली होती. शिंपल्यांनी खडक व्यापत नेला होता आणि बाकीच्यांना उभं राहायला जागा उरत नव्हती. जागेच्या चढाओढीत शिंपले सगळ्यांना भारी, आणि त्यांना आवरणारा तारामासा आता नव्हता.

त्या लेखातला पेन यांचा मुद्दा मक्तेदारीच्याच भाषेत आहे: जिथे शिकारी एखाद्या जातीला महत्त्वाच्या संसाधनाची मक्तेदारी करू देत नाहीत, तिथे विविधता जास्त असते. पुढे १९६९ मध्ये त्यांनी अशा प्राण्याला कमानीच्या मधल्या दगडाची उपमा दिली. तो काढला की कमान कोसळते.

या प्रयोगातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तारामासा शिंपल्यांचा नायनाट करत नाही. खडकाच्या वरच्या भागात, जिथे पाणी थोडाच वेळ असतं, तिथे त्याला फार वेळ राहता येत नाही आणि शिंपले तिथे मजेत जगतात. तो फक्त त्यांना खाली पसरू देत नाही. शिंपला वाईट नाही, त्याला हद्द आहे एवढंच.

निसर्गात मक्तेदारी दिसते तिथे अशी एखादी हद्द तुटलेली असते. पुण्याची मुळा-मुठा आठवून पाहा. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी पात्र झाकून टाकते. तिथे तिच्या मूळच्या शत्रूंपैकी कुणी नाही आणि शहराचं सांडपाणी तिला रोज खत घालतं. तिला बलवान म्हणून सोडून देण्याआधी तिला कोण पोसतं ते पाहावं लागतं.

‘मोनोपॉली’च्या पटावर तारामासा नाही. पूर्वी होता, तो उचकटून फेकला गेला.

मक्ता म्हणजे काय

इथे मराठी भाषा आपल्याला काहीतरी सांगू पाहते. ‘मोनोपॉली’ या ग्रीक मुळाच्या शब्दात एकटा विकणारा आहे. आपल्या ‘मक्तेदारी’त मक्ता आहे, म्हणजे सरकारकडून ठरावीक रकमेवर घेतलेला वसुलीचा हक्क. इंग्रजी शब्द ऐकला की वाटतं कुणीतरी बाजारात सगळ्यांना मागे टाकलं. मराठी शब्द विचारतो, हा मक्ता दिला कुणी? (‘एकाधिकार’ हा संस्कृत शब्द तर आपण १९७२ च्या कापूस खरेदी योजनेत शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी वापरला. एकच खरेदीदार असावा आणि तो सरकार असावा, अशी ती कल्पना.)

कोकणातला खोत हा असाच वसुलीचा मक्तेदार. गावाचा सारा सरकारात भरायचा, रयतेकडून तो आणि वरचा वाटा घ्यायचा, शिवाय वेठ. मॅगी वारली त्याच्या आगेमागेच मुंबई इलाख्यात हा डाव मोडण्याचे कायदे आले. त्याआधी लढे झाले. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षं जमिनी कसायला नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारा कायद्याने मालक मानला गेला, आणि १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा. हा तारामासा माणसांनी घडवला आणि तो फुकट मिळाला नाही.

परदेशातल्या मराठी घरांत या कायद्याची दोन वाक्यं ऐकू येतात. ‘कूळकायद्यात आमची जमीन गेली’ आणि ‘कूळकायद्यात आमची जमीन झाली’. पहिलं वाक्य आपल्या संमेलनांत, जेवणाच्या टेबलांवर, कौटुंबिक आठवणींच्या लेखांत जास्त ऐकू येतं, कारण ज्यांची गेली त्यांच्याकडे शिक्षण होतं, ते आधी शहरात आणि मग परदेशात गेले. दुसरं वाक्य बोलणारा आपल्यात आहे, पण संख्येने थोडा, आणि बहुधा तो गप्प बसतो. जमिनीची मक्तेदारी गेली तरी आठवणींची राहू शकते. जमीन गमावण्याचं दुःख खरं आहे. काहींची ती खोताची नव्हती, विधवेच्या उदरनिर्वाहाची होती, हेही खरं. पण एकच वाक्य ऐकत मुलं मोठी झाली तर त्यांनाही अर्धाच खेळ मिळतो.

कायद्याची भलामण करतानाही डोळे उघडे ठेवावेत. गोखले संस्थेच्या दांडेकर आणि खुदनपूर यांनी कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी १९५७ साली प्रसिद्ध केली. कागदोपत्री ‘राजीखुशीने’ सोडलेल्या जमिनी आणि कुळांच्या हकालपट्ट्या त्यात नोंदल्या आहेत. ज्याचं नाव सातबारावर नव्हतं त्या शेतमजुराला काहीच मिळालं नाही. मॅगीच्या दुसऱ्या रीतीवर माझा आक्षेपही इथलाच आहे. तिच्या खजिन्याला कुणी फसवत नाही, तलाठी चुकीची नोंद करत नाही, हरू लागलेला जमीनदार नियम बदलायला मुंबईला जात नाही. तिचा खेळ दोन नियमांतला फरक दाखवतो, पण एका नियमाकडून दुसऱ्याकडे जायचं कसं ते दाखवत नाही. चरीच्या सहा वर्षांना तिच्या पटावर चौकोन नाही.

आणि आता आपण ज्या पटावर राहतो त्याकडे पाहू. हेन्री जॉर्जने आपलं पुस्तक लिहिलं त्याच कॅलिफोर्नियाने १९७८ साली ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं. मालमत्ता कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यापुरता, आणि घर विकलं जाईपर्यंत ते मूल्यांकन वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनी वाढणार. बाजारभाव कितीही चढो. त्यामुळे एका भिंतीला लागून असलेल्या सारख्याच दोन घरांपैकी जुना मालक नव्याच्या तुलनेत थोडासाच कर भरतो. जॉर्जच्या सूत्राचं हे अगदी उलटं टोक. ज्यांनी आधी घर घेतलं त्यांत आपले पुष्कळ लोक आहेत. काल व्हिसावर आलेला भाडेकरूही आपलाच आहे. म्हाताऱ्या माणसाला करापायी घर सोडावं लागू नये हा कायद्यामागचा हेतू चांगला होता, आणि अनेकांना त्याचा खरा आधार झाला. पण शेजारी आलेल्या कंपन्यांमुळे आणि शाळांमुळे घराची किंमत वाढली, तर ती वाढ कुणाची, हा १८७९ चा प्रश्न तसाच उभा आहे. खोतीच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाला तो परका वाटू नये.

एक कलाकृती म्हणून ‘मोनोपॉली’ला मी नापास करणार नाही. मक्तेदारी आतून कशी वाटते, आधी गंमत, मग उन्माद, मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळणं, हे इतक्या थोड्या वेळात दुसरी कुठलीही कलाकृती दाखवत नाही. पहिली रीत मॅगीने इतकी चोख बांधली होती की तिच्याच खेळाने तिला हरवलं. आक्षेप आहे तो दुसरी रीत नसण्यावर. ती परत आणायला कंपनीची परवानगी लागत नाही. एका कागदावर चार ओळी पुरतात: भाडं मधल्या खजिन्यात टाका, खजिन्यातून सगळ्यांचा प्रवास आणि वीज फुकट करा, सर्वांत मागे असलेल्याची रक्कम दुप्पट झाली की थांबा, आणि या नियमांवर आधी सगळ्यांचं मत घ्या. या चौथ्या नियमावरून भांडण होईल. जो जिंकत असेल तो विरोधात मत देईल. ते भांडण होऊ द्यावं, मुलांना खरा खेळ तिथेच कळेल.